बिबट्याला पिंजऱ्यात पकडलं की प्रश्न सुटतो का? कर्जत-खालापूरच्या डोंगरातली 'हद्द' समजून घ्या

रात्री दोन-अडीचची वेळ. फार्महाऊसच्या गेटसमोरून एक बिबट्या शांतपणे चालत जातो. सीसीटीव्हीचं असं वीस सेकंदांचं फुटेज सकाळचा चहा होईपर्यंत कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागतं. दुपारपर्यंत 'एक नाही, तीन आहेत' अशी त्यात भर पडते. संध्याकाळी मागणी सुरू होते. पिंजरा लावा, त्याला पकडा आणि लांब कुठल्यातरी जंगलात सोडून या.

ही मागणी चुकीच्या भावनेतून येत नाही. ज्यांच्या गोठ्यात शेळ्या आहेत, ज्यांची मुलं अंधार पडल्यावर शिकवणीहून घरी येतात, त्यांना भीती वाटणारच. पण पिंजरा लावण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यात दिसलेला तो बिबट्या बहुतेक वेळा वाट चुकून आलेला नसतो. तो त्याच्या ठरलेल्या हद्दीत फिरत असतो. त्याला तिथून उचललं की ती हद्द रिकामी होते, आणि रिकामी हद्द फार काळ रिकामी राहत नाही.

ही हद्द ठरते कशी, राखली कशी जाते आणि तिचा आपल्या सुरक्षिततेशी काय संबंध आहे, ते पाहूया.

हद्द म्हणजे नेमकं काय?

प्राणी जिथे फिरतो, खातो, झोपतो, पिल्लं वाढवतो, त्या सगळ्या भागाला वावरक्षेत्र म्हणता येईल. या भागात आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला येऊ न देण्याचा प्रयत्न तो करत असेल, तर ती झाली हद्द. दोन्ही गोष्टी एकच नाहीत.

अस्वलाचं उदाहरण घ्या. मेळघाट, बुलडाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य, ताडोबा, गडचिरोली या भागांत अस्वलं आहेत. झाडाला पाठ घासणारं अस्वल 'नाचतंय' असे रील तुम्ही पाहिले असतील. प्रत्यक्षात ते झाडावर स्वतःचा वास लावत असतं. नखांचे ओरखडेही ओढतं. पण एका अस्वलाचं वावरक्षेत्र दुसऱ्याच्या वावरक्षेत्रात बरंच मिसळलेलं असतं. वारुळं, मोहाची फुलं, बोरं, जांभळं जिथे असतील तिथे वेगवेगळी अस्वलं येऊन जातात. झाडावरचा वास त्यांना एकमेकांची खबर देतो, त्यामुळे समोरासमोरची गाठ टळते. अस्वल माणसावर हल्ला करतं तेव्हाही त्यामागे सहसा हद्दीचं भांडण नसतं. माणूस अचानक अगदी जवळ आल्यामुळे बिथरून ते हल्ला करतं.

बिबट्याचं गणित याहून कडक असतं. तो एकटा राहणारा शिकारी आहे. त्याचं अन्न पळणारं आहे आणि मर्यादित आहे. त्यामुळे नर दुसऱ्या प्रौढ नराला आपल्या भागात सहज खपवून घेत नाही. मादीही इतर माद्यांपासून आपला भाग राखते. नराची हद्द साधारणपणे मोठी असते आणि तिच्यात एकापेक्षा जास्त माद्यांच्या हद्दी येऊ शकतात. मोठ्या झालेल्या मुलींपैकी काही आईच्या शेजारीच जागा धरतात. तरुण नरांना मात्र घर सोडून नवी जागा शोधावी लागते.

कुंपण नाही, मग सीमा कळते कशी?

बिबट्याचं कुंपण वासाचं असतं. तो शेपूट वर करून झाडाच्या बुंध्यावर किंवा झुडपावर मूत्राचा फवारा मारतो. मागच्या पायांनी माती उकरून ओरखडा काढतो आणि तिथेही वास सोडतो. पायवाटेच्या मधोमध, दोन वाटा मिळतात तिथे किंवा उंचवट्याच्या दगडावर विष्ठा टाकतो. खोडावर नखं ओढतो, गाल घासतो. जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर या खुणा जास्त सापडतात, कारण बिबट्यालाही काट्याकुट्यातून जाण्यापेक्षा मळलेली वाट सोयीची वाटते.

मोठ्या मांजरांच्या या 'पत्रव्यवहारा'बद्दल एक गमतीची गोष्ट आहे. वाघाच्या खुणेच्या द्रवात जो सुगंधी रेणू सापडला, तोच बासमतीसारख्या सुवासिक तांदळाला वास देतो. कर्जत हे तर भाताचं गाव. इथल्या संशोधन केंद्राने विकसित केलेले 'कर्जत' नावाचे भाताचे वाण राज्यभर माहीत आहेत. शिजत्या सुवासिक भातासारखा वास वाघ मागे सोडून जात असेल, ही कल्पना इथल्या माणसाला नक्कीच आवडेल.

वासाच्या जोडीला आवाज असतो. करवतीने लाकूड कापावं तसा खरखर, खरखर असा तुटक आवाज बिबट्या काढतो. रात्रीच्या शांततेत तो बराच दूर जातो. 'मी इथे आहे' हे शेजाऱ्याला कळवायला तो पुरतो, आणि मादीला बोलवायलाही.

यातून मिळणारी माहिती नेमकी असते. खूण ताजी आहे की जुनी, नराची की मादीची, ओळखीच्याची की परक्याची, हे दुसऱ्या बिबट्याला वासावरून कळतं. त्यामुळे बहुतेक वेळा भांडणाची वेळच येत नाही. जखमी झालेल्या शिकाऱ्याला शिकार करता येत नाही आणि शिकार नाही तर उपासमार. म्हणून लढाई हा बिबट्याचा शेवटचा पर्याय असतो. पण खुणा थांबल्या, म्हणजे हद्दीचा मालक मेला किंवा पकडला गेला, तर शेजारच्यांना तेही काही दिवसांत कळतं.

एका बिबट्याला किती जागा लागते?

याचं एकच एक उत्तर नाही. अन्न जास्त असेल तर हद्द लहान, कमी असेल तर मोठी.

महाराष्ट्रात यावर चांगला अभ्यास झाला आहे. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांवर काम केलं. तिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं राहतात. अभ्यासाचा भाग राखीव जंगल नव्हता, शेतीचा होता. तरीही तिथे १०० चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे असल्याचं कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासातून पुढे आलं. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते खात काय होते? वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर त्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के.

याच चमूने पाच बिबट्यांना जीपीएस कॉलर लावल्या. त्यातले चार महाराष्ट्रातले आणि एक हिमाचल प्रदेशातला होता. जे तीन बिबटे पकडल्या जागेजवळच परत सोडले, त्यांचं वावरक्षेत्र फक्त ८, ११ आणि १५ चौरस किलोमीटर निघालं. १५ चौरस किलोमीटर म्हणजे साधारण चार किलोमीटर लांब आणि चार किलोमीटर रुंद एवढा तुकडा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. २०१५ च्या अभ्यासात त्या उद्यानात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे मोजले गेले.

कर्जत-खालापूरमध्ये हद्दी नेमक्या एवढ्याच असतील असं नाही. पण या आकड्यांवरून एक गोष्ट लक्षात येते. चार किलोमीटरच्या टप्प्यात आपल्याकडे किती वाड्या येतात, ते मोजून पाहा. म्हणजे तीन वाड्यांमध्ये दिसलेले 'तीन बिबटे' प्रत्यक्षात एकच असू शकतात. कॉलर लावलेले बिबटे रात्री तासाला सरासरी ३३९ मीटर चालत होते. दहा तासांच्या रात्रीत ही चाल साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. संध्याकाळी एका वाडीत दिसलेला बिबट्या पहाटे दुसऱ्या वाडीत दिसायला एवढं पुरेसं आहे.

तोच आहे की दुसरा, हे ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे त्याच्या अंगावरचे ठिपके. आपल्या बोटांचे ठसे असतात तसे प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात. वनविभाग आणि अभ्यासक कॅमेरा ट्रॅपमधले फोटो जुळवून संख्या काढतात ती यावरूनच.

कर्जत-खालापूरमध्येच बिबट्या का दिसतो?

नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. कर्जतच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर आहे. माथेरान आणि परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत आहे. खांडसच्या वर भीमाशंकरचं जंगल, पुढे कोथळीगड, ढाक, राजमाची आणि मग खंडाळ्याचा घाट. या दोन डोंगररांगांच्या मधल्या सपाटीत उल्हास नदीचं खोरं, भातखाचरं, गावं आणि ठाकूरवाड्या, कातकरवाड्या आहेत. खालापूरकडे गेलं की पाताळगंगेचं खोरं लागतं. बिबट्यासाठी हा सगळा एकच सलग प्रदेश आहे. तालुक्याची हद्द, ग्रामपंचायतीची हद्द किंवा सातबारा त्याला माहीत नाही.

या प्रदेशातून आपण आपल्या रेघा ओढल्या आहेत. भोर घाटातला रेल्वेमार्ग, कर्जत-खोपोली लोहमार्ग, जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि ९४ किलोमीटरहून लांब, सहा पदरी द्रुतगती मार्ग. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गिकेची भर त्यातच पडली. त्यात गेल्या काही वर्षांत डोंगराच्या पायथ्याशी फार्महाऊस आणि सेकंड होमचे प्रकल्प वाढले.

फार्महाऊससोबत काय येतं? राखणीला कुत्रे येतात. शनिवार-रविवारच्या पार्टीनंतर उघड्यावर टाकलेलं उरलेलं मटण आणि चिकन येतं. त्यावर भटके कुत्रे आणि डुकरं जमतात. आठवड्याचे पाच दिवस बंगला रिकामा असतो आणि आवारात गवत वाढतं. म्हणजे बिबट्याला जेवण आणि लपायची जागा एकाच ठिकाणी मिळते. पावसाळ्यानंतर करवंदीच्या जाळ्या आणि ओढ्याकाठचं रान दाट असतं, तेव्हा तो वस्तीच्या अगदी जवळून गेला तरी कळत नाही.

कॉलरच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. दाट वस्तीच्या भागातले बिबटे रात्री घरांच्या अगदी जवळ येत. त्यांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के नोंदी घरापासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसा हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. आपण झोपलेलो असताना ते फिरत होते आणि आपण जागे असताना दडून बसत होते.

मग पकडून लांब सोडलं तर काय बिघडतं?

याचं उत्तर महाराष्ट्राने अनुभवातून मिळवलं आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. हल्ल्यांमध्ये माणूस मरण्याचं प्रमाणही दुपटीने वाढून ३६ टक्क्यांवर पोहोचलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात हे आकडे आहेत. बिबटे जिथे नेऊन सोडले, त्या जागांच्या आसपासही हल्ले झाले.

मुंबईतही असंच घडलं. बाहेरून पकडून आणलेले काही बिबटे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोडले जात होते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती हल्ल्यांनी टोक गाठलं, त्यात अनेकांचा जीव गेला. पुढे असं सोडणं थांबलं आणि वस्त्यांमध्ये जनजागृती सुरू झाली.

हद्दीच्या नियमांवरून यामागची कारणं समजतात.

पहिलं कारण, हलवलेला बिबट्या. त्याला अनोळखी ठिकाणी सोडलं की त्याला पाणी, लपायची जागा, शिकार काहीच माहीत नसतं. तिथे आधीपासून दुसऱ्या बिबट्याची हद्द असते. तो त्याला टिकू देत नाही. मग हा भरकटत राहतो, वस्त्यांमधून, रस्त्यांवरून. पिंजऱ्यातला ताण आणि माणसांच्या गर्दीचा अनुभव पाठीशी असतोच.

दुसरं कारण, रिकामी झालेली जागा. अन्न तसंच आहे, लपण तसंच आहे, फक्त राखणदार गेला. आसपास हद्दीच्या शोधात फिरणारे तरुण बिबटे असतातच. त्यांच्यापैकी एखादा किंवा एकाहून जास्त तिथे येतात आणि जागेसाठी झगडतात. जुन्या बिबट्याला गावाचं वेळापत्रक माहीत होतं. कुठल्या वाटेने माणसं कधी जातात, कुठले कुत्रे बांधलेले असतात हे तो शिकला होता. नवख्याला यातलं काही माहीत नसतं.

तिसरं कारण पिल्लांचं. नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, असं बिबट्यांमध्ये आढळून आलं आहे. त्यामुळे मादी पुन्हा लवकर माजावर येते. म्हणजे हद्दीचा नर उचलला की माद्या आणि पिल्लांचीही घडी विस्कटते.

आजोबाचा प्रवास काय सांगतो?

'आजोबा' हा मराठी चित्रपट अनेकांना आठवत असेल. २०१४ साली आलेल्या या चित्रपटामागे खराखुरा बिबट्या होता. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर परिसरात तो विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडण्यात आलं.

तो तिथे थांबला नाही. जिथे पकडला गेला ते गाव माळशेजच्या पूर्वेला, पण हा पश्चिमेला निघाला. वाटेत महामार्ग, कसाऱ्याजवळचा रेल्वेमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून तो मुंबईच्या उत्तरेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर ८९ किलोमीटर भरतं, आणि ते त्याने ३७ दिवसांत कापलं. या सगळ्या वाटेत त्याने माणसावर हल्ला केला नाही. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला.

त्याच अभ्यासात लांब नेऊन सोडलेली एक मादीही होती. तीही सोडल्या जागी राहिली नाही. पाच महिन्यांत ती ४५ किलोमीटर दूर जाऊन स्थिरावली.

थोडक्यात, 'माळशेजला सोडला' याचा अर्थ 'माळशेजला राहिला' असा होत नाही. कर्जतचा बिबट्या उचलून कुठेही सोडला तरी तो पुढे कुठे जाईल, हे सोडणाऱ्याच्या हातात नसतं. तसाच दुसरीकडून उचललेला बिबट्या उद्या आपल्या डोंगरात येऊ शकतो.

मग पिंजरा कधीच लावायचा नाही का?

लावावा लागतो, पण बिबट्या नुसता दिसला म्हणून नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा तो बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाने त्याला पकडता येतं. केंद्र सरकारने २०११ मध्ये माणूस-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याने प्रश्न वाढतो, हे त्यांतही मान्य केलं आहे.

एखादा बिबट्या माणसांवर पुन्हा पुन्हा हल्ले करत असेल, तर त्याला ओळखून पकडणं हे वनविभागाचं कामच आहे. तिथे गावकऱ्यांनी गप्प बसावं असं कुणी म्हणणार नाही. पण कॅमेऱ्यात दिसला म्हणून पकडला, तर आपण एक ओळखीचा, माणसाला टाळणारा शेजारी घालवून त्याच्या जागी कोण येईल याची सोडत काढत असतो.

सह्याद्रीतल्या ठाकर, महादेव कोळी, वारली समाजांना बिबट्याचं शेजारपण नवं नाही. अनेक ठिकाणी वाघोबाचं ठाणं आहे आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. डोंगरात त्याचा वावर आहे हे धरूनच इथली माणसं गुरं राखत आली. पायथ्याच्या नव्या सोसायट्यांना मात्र हे शेजारपण पहिल्यांदाच भेटतंय.

कर्जत-खालापूरमध्ये राहत असाल तर काय करावं?

- शेळ्या, कोंबड्या, वासरं रात्री वरून आणि चारही बाजूंनी बंद असलेल्या गोठ्यात ठेवा. नुसतं कुंपण पुरत नाही, बिबट्या उडी मारतो आणि चढतो.
- मांसाचा कचरा उघड्यावर टाकू नका. हॉटेल, रिसॉर्ट आणि चिकनच्या दुकानांनाही हे लागू आहे. कुत्रे जमले की मागोमाग बिबट्या येतो.
- पाळीव कुत्रा रात्री अंगणात बांधून ठेवू नका, घरात घ्या.
- घराभोवतीचं गवत आणि झुडपं कापून ठेवा. वाटेवर आणि शौचालयाच्या रस्त्यावर दिवे लावा.
- अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. रात्री चालताना बॅटरी घ्या, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चाला.
- समोर बिबट्या आलाच तर पळू नका, खाली वाकू किंवा बसू नका. लहान मुलाला उचलून घ्या, उभं राहून हळूहळू मागे या आणि त्याला जायला वाट द्या.
- बिबट्या कुठे अडकला असेल तर त्याच्याभोवती गर्दी करू नका. सगळ्या बाजूंनी घेरलेला बिबट्या सर्वात धोकादायक असतो.
- वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. फुटेज असेल तर ते ठिकाण आणि वेळेसह वनविभागाला द्या. ठिपक्यांवरून तो कोणता बिबट्या आहे हे त्यांना जुळवता येतं.

राष्ट्रीय पातळीवर २०२२ च्या गणनेचा अहवाल सांगतो की भारतात अंदाजे १३,८७४ बिबटे आहेत आणि त्यातले १,९८५ महाराष्ट्रात. एवढ्या सगळ्यांना पकडून ठेवायला पिंजरे नाहीत आणि सोडून यायला रिकामं जंगलही नाही. म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवण्याआधी एवढं विचारा: हा कुठला आहे, कधीचा आहे आणि वनविभागाला कळवलंय का? जुना किंवा दुसऱ्या जिल्ह्यातला व्हिडिओ 'आत्ताच, आपल्या गावात' म्हणून फिरला की घबराट पसरते, लोक काठ्या घेऊन रानात शिरतात, आणि शांतपणे झोपलेला बिबट्या घेरला जातो.